भीतीचे हप्ते

2015 च्या फेब्रुवारीअखेर ओसाकाच्या कॅपकॉम कंपनीनं एक भयखेळ विकायला काढला, आणि तो मुद्दाम अर्धवट विकायला काढला. खेळाचं नाव 'रेसिडेंट ईव्हिल रेव्हलेशन्स 2'. पहिला भाग 24 फेब्रुवारीला, मग 3, 10 आणि 17 मार्चला पुढचे तीन. चौथ्या भागाच्या सुमारास अख्खा खेळ डिस्कवरही मिळणार होता. ज्याला धीर होता त्यानं महिनाभर थांबून सगळं एकदम घ्यावं. ज्याला नव्हता त्यानं एक भाग खेळावा आणि पुढच्या मंगळवारची वाट बघावी.

पुष्कळांनी वाट बघणं पत्करलं. त्या चार आठवड्यांत ते कशावर खूश झाले, कशावर चिडले, कशावरून आपसांत भांडले, याकडे मी तेव्हापासून लक्ष ठेवून आहे. भयकथेची इतकी कडक परीक्षा घेणारा दुसरा रसिक मला माहीत नाही. पुस्तक वाचणाऱ्याला लेखक अंधाऱ्या खोलीत घेऊन जातो. इथे खोलीचं दार खेळणाऱ्यालाच उघडावं लागतं, आणि उघडायचं नसेल तर तो तासभर बाहेर उभाही राहू शकतो. त्यामुळे भीती खोटी असली की त्याला लगेच कळतं.

दिवाळी अंकाच्या वाचकाला भीतीचं वेड नवीन नाही. नारायण धारपांच्या कादंबऱ्यांसाठी लायब्ररीत नंबर लावणारी, रत्नाकर मतकरींच्या गूढकथा रात्री वाचून मग दिवा मालवायला कचरणारी माणसं आपल्याकडे घराघरांत आहेत. त्यांची नातवंडं आता कंट्रोलर हातात घेऊन तेच करतात. म्हणून या खेळाची आणि तो खेळणाऱ्यांच्या मतांची हकिगत इथे सविस्तर सांगावीशी वाटते. पुढे कथेतले पेच उघड होणार आहेत. ज्यांना खेळ कोरा अनुभवायचा आहे त्यांनी आधी खेळून यावं.

थोडी पार्श्वभूमी आवश्यक आहे. 1996 साली शिंजी मिकामी यांच्या दिग्दर्शनाखाली पहिला 'रेसिडेंट ईव्हिल' आला. जपानमध्ये त्याचं नाव 'बायोहॅझर्ड'. एक जुना वाडा, त्यात चालती प्रेतं, आणि खेळणाऱ्याकडे मोजक्या गोळ्या. दारं कुलूपबंद, किल्ल्या भलत्याच ठिकाणी, सामान ठेवायला जागा अपुरी. समोर आलेल्या प्रत्येकाला मारायचं म्हटलं तर गोळ्या पुरत नाहीत, म्हणून पळायचं की लढायचं हे दर वळणावर ठरवावं लागतं. या जातीच्या खेळांना सर्व्हायव्हल हॉरर म्हणतात. यात शौर्याला फारशी किंमत नसते, काटकसरीला असते.

पुढे मालिका बदलली. 2005 च्या चौथ्या खेळानं कॅमेरा नायकाच्या खांद्यामागे आणला आणि वेग वाढवला. तो खेळ उत्तमच होता, पण त्यानंतर प्रत्येक नव्या खेळात स्फोट वाढत गेले आणि भीती आटत गेली. 2012 चा सहावा खेळ तर एखाद्या मारधाडपटासारखा झाला. जुने चाहते उघड नाराज झाले. त्याच वर्षी निन्टेन्डोच्या छोट्या हातातल्या यंत्रासाठी, थ्रीडीएससाठी, 'रेव्हलेशन्स' नावाचा आडवाटेचा खेळ आला होता. भर समुद्रातलं एक बेवारस जहाज, अरुंद बोळ, आणि दूरदर्शन मालिकेसारखे तुकडे पाडलेली कथा. प्रत्येक तुकड्याआधी 'मागील भागात' अशी उजळणी. मुख्य रस्त्यावर हरवलेली भीती या आडवाटेवर सापडली असं अनेकांना वाटलं. त्यामुळे 'रेव्हलेशन्स 2' ची घोषणा झाली तेव्हा अपेक्षा मोठ्या होत्या, आणि त्या नेमक्या जुन्या लोकांच्या होत्या.

कथा अशी. क्लेअर रेडफील्ड ही 1998 च्या दुसऱ्या खेळापासून चाहत्यांच्या ओळखीची. ती आता टेरासेव्ह नावाच्या मदत संस्थेत काम करते. संस्थेच्या एका समारंभावर बंदूकधारी धाड घालतात आणि क्लेअर शुद्धीवर येते ती एका निर्जन बेटावरच्या गंजक्या तुरुंगात. सोबत मोइरा बर्टन, संस्थेत नुकतीच आलेली मुलगी. दोघींच्या मनगटावर एकेक कडं. कड्यात दिवा आहे, आणि तो घातलेल्या माणसाची भीती मोजतो. माणूस शांत असेल तर हिरवा, घाबरला की नारिंगी, आणि भीती हाताबाहेर गेली की लाल. लाल झाला की शरीरातला विषाणू जागा होतो आणि माणसाचा राक्षस होतो. विषाणूचं नाव टी-फोबोस. हे सगळं दुरून बघणारी, दुरूनच बोलणारी एक बाई आहे. तिला काफ्काचं वेड आहे. चारही भागांना काफ्काच्याच लेखनाची नावं दिली आहेत: 'पीनल कॉलनी', 'कंटेम्प्लेशन', 'जजमेंट' आणि 'मेटामॉर्फसिस'. यातली शेवटची कथा 1915 साली छापून आली, म्हणजे खेळाच्या बरोबर शंभर वर्षं आधी.

भयखेळासाठी ही कल्पना किती नेमकी आहे बघा. जो घाबरेल तो मरेल, हा कथेचाच नियम. आणि खेळणाऱ्याला घाबरवणं हे खेळाचं कामच. पहिल्या भागात तुरुंगातून पळताना क्लेअरच्या मनगटावरचा दिवा नारिंगी होतो, तेव्हा खेळणाऱ्याची नजर आपोआप त्याकडे जाते. तिची भीती आणि आपली भीती त्या एका दिव्यात एकत्र येतात. मला वाटतं, संपूर्ण मालिकेतली ही सर्वांत हुशार कल्पना आहे. अनेक खेळाडूंची पुढची तक्रार मात्र अशी होती की कडं कथेतच राहिलं. खेळताना त्याचा काही उपयोग झाला नाही. आपण कसेही खेळलो तरी दिवा ठरलेल्या ठिकाणीच रंग बदलतो. तक्रार खरी आहे. हातात आलेलं सोनं कंपनीनं निम्मंच वापरलं.

प्रत्येक भागाचे दोन अर्ध आहेत. पहिल्यात क्लेअर आणि मोइरा. दुसऱ्यात सहा महिन्यांनंतर मोइराचा बाप बॅरी मुलीला शोधत त्याच बेटावर येतो, आणि त्याला नतालिया नावाची लहान मुलगी भेटते. बॅरी 1996 च्या पहिल्या खेळातला. त्या वेळचे त्याचे अवघडलेले इंग्रजी संवाद चाहत्यांना आजही तोंडपाठ आहेत. मधल्या काळात तो जवळपास विसरला गेला होता. तो जाडजूड, पांढऱ्या दाढीचा, खचलेला बाप होऊन परतला, आणि खेळाडूंनी त्याला ज्या मायेनं घेतलं तशी माया या खेळातल्या दुसऱ्या कुणाच्या वाट्याला आली नाही.

आता पैशांचं. एका भागाची किंमत 5.99 डॉलर, चारही भागांचा डिजिटल संच 24.99 डॉलरला, डिस्क 39.99 ला. तेव्हाच्या दरानं एक भाग साधारण पावणेचारशे रुपयांना पडे. भारतातल्या खेळाडूला स्टीम या दुकानात तेव्हा रुपयांत खरेदीच करता येत नव्हती. ती सोय 2015 च्या नोव्हेंबरात झाली. त्यामुळे मुंबई-पुण्यातला विद्यार्थी आंतरराष्ट्रीय व्यवहार चालणारं कार्ड कुणाकडे आहे ते शोधायचा, बहुतेक वेळा वडिलांकडे किंवा नोकरीला लागलेल्या मोठ्या भावाकडे जायचा आणि एका भागाचे पैसे मागायचा. भागांत विकण्याचा फायदा अशांना झाला. पंधराशे रुपये मागायला जीभ रेटत नाही, पावणेचारशे मागता येतात. आवडला तर पुढचा घ्यायचा, नाही तर थांबायचं.

पण भागांनी विकणं ही कंपनीवरही जबाबदारी टाकते. टेलटेल कंपनीनं 2012 मध्ये 'द वॉकिंग डेड' पाच भागांत आणला, त्यात दोन भागांमध्ये कधी दोन-दोन महिने गेले. 'लाइफ इज स्ट्रेंज' याच 2015 सालचा, तो जानेवारीअखेर सुरू होऊन ऑक्टोबरात संपला. व्हॉल्व्हच्या 'हाफ-लाइफ 2' चा तिसरा भाग तर आलाच नाही आणि चाहते अजून त्याची आशा सोडत नाहीत. या पार्श्वभूमीवर कॅपकॉमनं चारही भागांच्या तारखा आधी सांगितल्या, चार आठवड्यांत खेळ पुरा केला, आणि खेळाडूंनी त्याची मोकळेपणानं दाद दिली. एक आठवडा हे अंतर बरोबर निघालं. दोन महिन्यांत भीती विरून जाते, माणसं पात्रांची नावं विसरतात. एका आठवड्यात ती मुरते.

पहिल्या भागावरची मतं आली ती संमिश्र. वातावरण छान, तुरुंगातला अंधार छान, गोळ्या कमी आहेत हे छान, असं जुने लोक म्हणाले. पण चित्रं जुनाट दिसतात ही तक्रार जवळपास सगळ्यांची होती. प्लेस्टेशन 4 आणि एक्सबॉक्स वन येऊन वर्ष उलटून गेलं होतं, आणि हा खेळ मागच्या पिढीच्या यंत्रांवरही चालायचा होता. भिंती सपाट, चेहरे मेणाचे. बॅरीचा अर्धा भाग क्लेअरच्याच जागांतून जातो, म्हणून तोच तुरुंग पुन्हा बघावा लागतो, हेही अनेकांना खटकलं. यावर मात्र माझं मत वेगळं आहे. सहा महिन्यांपूर्वी ज्या खोलीत आपण घाम गाळला, तिथे बापाच्या नजरेनं पुन्हा जाणं, मुलीनं मागे ठेवलेल्या खुणा बघणं, यात कथेचा जीव आहे. क्लेअरनं केलेल्या काही गोष्टींचा परिणाम बॅरीच्या वाटेवर दिसतो. 1998 च्या दुसऱ्या खेळात हीच युक्ती होती: एका पात्रानं कपाटातून बंदूक नेली की दुसऱ्याला ती मिळत नसे. ज्यांनी तो खेळ खेळला होता त्यांना हे लगेच ओळखू आलं. त्यांनी पुनरावृत्तीची तक्रार केली नाही.

आवाजाचंही एक दुखणं होतं. ॲलिसन कोर्ट या अभिनेत्रीनं 1998 पासून क्लेअरला आवाज दिला होता. या खेळात तो आवाज बदलला. बाहेरच्या माणसाला ही बारीकशी गोष्ट वाटेल. पण ज्यांनी शाळेत असताना तो आवाज ऐकला आणि तिशीत पुन्हा क्लेअरला भेटायला आले, त्यांना समोर कुणी परकीच बाई उभी आहे असं वाटलं.

पहिल्या आठवड्यातला खरा भडका मात्र कॉम्प्युटरवर खेळणाऱ्यांमध्ये उडाला. हा खेळ मुळात जोडीनं खेळण्यासाठी बांधलेला. एकाच टीव्हीचे दोन भाग करायचे, एका बाजूला क्लेअर, दुसऱ्या बाजूला मोइरा, शेजारी बसून खेळायचं. प्लेस्टेशन आणि एक्सबॉक्सवर ही सोय होती. कॉम्प्युटरवर ती नाही हे पैसे भरून खेळ उतरवलेल्यांना विक्री सुरू झाल्यावर कळलं. मुख्य कथा इंटरनेटवरून दुसऱ्याबरोबर खेळण्याची सोय तेव्हा कुठेच नव्हती, म्हणजे कॉम्प्युटरवाल्यांना एकट्यानंच खेळणं आलं. निरनिराळ्या कॉम्प्युटरवर खेळ सुरळीत चालावा म्हणून एकाच पडद्याला प्राधान्य दिलं, असं कंपनीचं स्पष्टीकरण होतं. ते कुणाला पटलं नाही, आणि लवकरच ते पटण्याचं कारणही उरलं नाही, कारण एका हौशी खेळाडूनं स्वतः फायली उघडून दुभागलेला पडदा चालू करून दाखवला. पुढे कंपनीनंही अधिकृतपणे ही सोय दिली. मला या प्रकरणात खेळाडूंची बाजू पूर्णपणे न्याय्य वाटते. न सांगता काढून घेतलेली गोष्ट परत मागणं ही कटकट नव्हे. आणि इथे काढून घेतलं गेलं ते या खेळाचं हृदय होतं.

का, ते सांगतो. मी हा खेळ प्लेस्टेशनवर माझ्या भाचीबरोबर खेळलो. ती तेव्हा इंजिनिअरिंगला होती. पहिल्याच खोलीत तिनं ठरवून टाकलं, "मामा, तू क्लेअर घे. मी टॉर्च धरते, तू मार." मोइरा बंदुकीला हात लावत नाही. तिच्याकडे टॉर्च आणि पहार. टॉर्चचा झोत राक्षसाच्या डोळ्यांवर रोखून धरला की तो डोळे झाकून क्षणभर अडखळतो, आणि त्या क्षणात क्लेअरनं गोळी घालायची. अंधारात पडलेल्या गोळ्या, औषधी, भिंतीवरच्या खुणा टॉर्चच्या उजेडातच सापडतात. म्हणजे एकीला दिसतं पण मारता येत नाही, दुसरीला मारता येतं पण दिसत नाही.

भाची पटाईत खेळाडू. नेम माझ्यापेक्षा तिचा चांगला. तरी तिनं टॉर्च मागून घेतला, आणि अर्ध्या तासात मला कळलं की अवघड काम तिनं घेतलं होतं. मी घाबरलो की गोळ्या झाडून मोकळा होत होतो. तिला अंगावर येणाऱ्याच्या तोंडावर झोत धरून जागेवर उभं राहावं लागत होतं. "हलू नकोस, मामा, मी धरलाय त्याला," असं ती शांतपणे सांगायची आणि माझ्या हातातला कंट्रोलर घामानं निसटायचा. जिथे गोळ्या संपल्या तिथे ती पहार घेऊन पुढे व्हायची. असं खेळल्यावर मला कॉम्प्युटरवाल्यांची तक्रार नीट उमगली. एकट्यानं खेळताना बटण दाबून एकीकडून दुसरीकडे जाता येतं, पण सोबतीच्या माणसावर विसंबून राहण्याची ती धडधड त्यात येत नाही.

बॅरी आणि नतालियाची जोडी याहून नाजूक आहे. नतालिया घाबरत नाही, तिला भीती हा प्रकारच कळत नाही. ती लहानशा भोकांतून आत शिरते, विटा फेकून मारते, आणि भिंतीपलीकडचे राक्षस बोट दाखवून सांगते. बॅरीच्या वाटेवर काही उडते राक्षस असे आहेत की ते कुणाला दिसत नाहीत, फक्त तिला दिसतात, आणि ते अंगाला भिडले की एका झटक्यात खेळ संपतो. जोडीनं खेळताना इथे एकाच पडद्याच्या दोन भागांत दोन वेगळी जगं असतात: एकीला पुढ्यात काही तरी घोंघावताना दिसतंय, दुसऱ्याच्या अर्ध्या पडद्यावर रिकामं मैदान. मग ओरडून दिशा सांगायची. डावीकडे, अजून डावीकडे, वर, आता! खेळाडूंनी चारही भागांतल्या आवडत्या जागा सांगितल्या तेव्हा ही जागा त्यात हमखास आली.

दुसऱ्या भागानं सगळ्यांचा सूर बदलला. कोळ्यांची पडकी वस्ती, तिथल्या गुत्त्यात अडकलेले टेरासेव्हचे सहकारी, खिडक्यांतून आत घुसणारे राक्षस, आणि आपल्यातल्याच एकाचा, पेद्रोचा, भीतीनं होणारा राक्षस. कड्याचा दिवा लाल होताना इथे पहिल्यांदा इतक्या जवळून बघायला मिळतो. पहिला भाग घेऊन थांबलेले कितीतरी जण या भागाची वाहवा ऐकून परत आले. मोइराच्या तोंडच्या शिव्यांवरून मात्र लोकांत दोन तट पडले. एका गटाला ती बोलते ते अगदी खरं वाटलं. वीस-बावीस वर्षांची मुलगी राक्षसांपुढे आणखी काय म्हणणार? दुसऱ्या गटाला ते कानांना सोसवेना. भाचीनं पहिल्या गटाची बाजू घेतली, आणि मीही तिच्याच बाजूचा आहे.

आता तिसरा भाग. या खेळावर जेवढं बोललं गेलं त्यातलं सर्वांत जास्त या भागातल्या क्लेअरच्या अर्ध्याच्या शेवटच्या मिनिटाबद्दल आहे.

मोइरा बंदूक का धरत नाही? लहानपणी वडिलांची बंदूक हातात घेऊन खेळताना गोळी सुटली आणि धाकट्या बहिणीला लागली. त्या दिवसापासून बापलेकीत फूट पडली. ही गोष्ट खेळ हळूहळू उलगडत आणतो. तिसऱ्या भागात क्लेअरच्या अर्ध्याच्या शेवटी टेरासेव्हचा प्रमुख नील गद्दार निघतो, त्याचा अजस्र राक्षस होतो, आणि तो क्लेअरला पकडतो. तिची बंदूक जमिनीवर पडली आहे. पडद्यावर खूण येते: बटण दाबत राहा, हात लांबव. तुम्ही दाबत राहता. क्लेअरचा हात बंदुकीपर्यंत पोचतो, ती नीलला मारते, तिचा अर्धा भाग संपतो. सुटलो म्हणून आपण श्वास सोडतो.

आणि पुढच्या आठवड्यात कळतं की आपण चुकलो. त्या क्षणी पात्र बदलून मोइराकडे जायचं होतं. मग मोइरानं थरथरत्या हातानं बंदूक उचलली असती, नीलला मारलं असतं आणि मनातल्या भुतावर मात केली असती. ते केलं नाही तर चौथा भाग वाईट शेवटावर जातो, आणि खेळातली शेवटची मोठी लढाई वाट्यालाच येत नाही. पात्र बदलता येईल असं त्या क्षणी पडद्यावर कुठेच लिहिलेलं नसतं.

यावर खेळाडूंत उभी फूट पडली. एक बाजू म्हणाली, हेच तर थोर आहे. जिवावर बेतल्यावर आपण फक्त आपलाच हात लांबवतो, शेजारच्या माणसाकडे वळून बघत नाही. खेळानं तेच पकडलं. दुसरी बाजू म्हणाली, हा सापळा आहे. खेळभर पडद्यावरची खूण आली की ती पाळायची, नाही पाळली तर मेलात, असं आम्हाला शिकवलं, आणि एका जागी तीच पाळल्याबद्दल शिक्षा दिली.

पहिल्या बाजूचं म्हणणं ऐकायला सुंदर आहे. भाचीनंही तेच मांडलं होतं, आणि जोडीनं खेळताना ते जास्त पटतं, कारण तिथे मोइरा शेजारच्या सोफ्यावर खरोखर बसलेली असते. पण मी दुसऱ्या बाजूचा आहे. तो प्रसंग कल्पना म्हणून उत्तम आहे, मोइराच्या कथेला तोच शेवट शोभतो. तरी नियम बदलल्याची एखादी हलकी सूचना, मोइराची एक नजर, एक हाक, एवढं तरी द्यायला हवं होतं. आणि भागांनी विकण्याचा घाट इथे उलटला. डिस्क घेतलेल्यानं चूक कळताच मागे जाऊन तासाभरात दुरुस्त केली. दर आठवड्याला पैसे भरून आलेला, कंपनीवर सर्वांत आधी विश्वास टाकलेला खेळाडू मात्र आठवडाभर समाधानात होता आणि मग फसला. बरं, 17 मार्चनंतर ही गोष्ट सगळीकडे पसरली. त्यानंतर आलेल्या जवळपास प्रत्येकानं उत्तर आधीच ऐकलेलं होतं. म्हणजे तो मोठा नैतिक पेच खरा चालला फक्त पहिल्या लोकांपुरता, आणि त्यांनाच तो सर्वांत महाग पडला.

चौथ्या भागात क्लेअरचा वाटा इतका तोकडा आहे की पुष्कळांना वाटलं खेळ मध्येच तुटला. मनोरा कोसळतो, पळायचं, मोइरा ढिगाऱ्याखाली अडकते, क्लेअर समुद्रात झेपावते, संपलं. 5.99 डॉलर वेगळे मोजलेल्यांना ते लागणं साहजिक होतं. उरलेला सगळा भाग बॅरीचा. तो लांब, विषारी वायूनं भरलेल्या खाणीतून जाणारा, आणि ताणाच्या दृष्टीनं चारही भागांत सर्वांत सलग. दुरून बोलणारी ती बाई, ॲलेक्स वेस्कर, आता स्वतःच राक्षस होऊन समोर येते. आणि शेवट चांगला असेल तर जिला गमावलं असं आपण समजत होतो ती मोइरा जिवंत परतते. बॅरीनं तिला बघितलं तेव्हा भाचीनं कंट्रोलर खाली ठेवला आणि डोळे पुसले. तिचं बघून मीही.

मोइरा ते सहा महिने कशी जगली, हे 'द स्ट्रगल' या जादा भागात आहे. एव्हगेनी नावाचा एक चिडका म्हातारा आणि ती, शिकार करायची, त्यातून शिधा साठवायचा. आणि शिधा म्हणजेच तुमचे जीव. जेवढं अन्न गोळा केलं तेवढ्याच वेळा मेल्यावर पुन्हा उठता येतं. जुन्या काटकसरी भीतीच्या सर्वांत जवळ जाणारा हा तुकडा आहे, आणि खेळाडूंपैकी ज्यांनी तो पुरा केला ते त्याच्याबद्दल अभिमानानं बोलतात. 'लिटल मिस' हा नतालियाचा दुसरा जादा भाग लपतछपत चालण्याचा आहे. तो नसता तरी चाललं असतं.

खेळातल्या 'रेड मोड' या वेगळ्या लढाईच्या प्रकाराबद्दल थोडंच सांगतो, कारण तो भीतीचा भाग नाही. एकामागून एक रणांगणं, शत्रूंच्या डोक्यावर पातळीचे आकडे, बंदुका सुधारत नेणं. मुख्य कथा संपवून ज्यांनी खेळाला शेकडो तास दिले ते इथेच दिले. मेल्यावर जागच्या जागी उठवणारे लाइफ क्रिस्टल पैशांनी विकायला ठेवले होते, ते अनेकांना आवडलं नाही, आणि ते आवडण्यासारखं नव्हतंच.

समीक्षकांनी या खेळाला शंभरापैकी पंचाहत्तरच्या आसपास गुण दिले. त्या आकड्यातून काहीच कळत नाही. ज्यांनी हा खेळ खेळला त्यांच्याशी बोललात तर कुणी पंचाहत्तर टक्के समाधानी भेटत नाही. बॅरीवर जीव टाकणारे भेटतात, तिसऱ्या भागाच्या त्या बटणावर अजून चिडलेले भेटतात, आणि पुष्कळदा ती दोन्ही एकच माणसं असतात.

या खेळाचे दिग्दर्शक यासुहिरो आंपो यांनी पुढे 2019 मध्ये दुसऱ्या 'रेसिडेंट ईव्हिल'च्या नव्या आवृत्तीचं दिग्दर्शन कझुनोरी कादोई यांच्यासोबत केलं, आणि 2023 मध्ये चौथ्याचंही. तो 2019 चा खेळ क्लेअरचाही आहे, अपुऱ्या गोळ्यांचा आहे, आणि जुने चाहते त्यावर खूश आहेत. 'रेव्हलेशन्स 2' मध्ये त्याची तयारी झाली असं मला वाटतं. पण जोडीनं खेळायची सोय त्या खेळात नाही. कॅपकॉमनं मुख्य मालिकेतला सातवा खेळही 2017 मध्ये सगळा एकदम, एकट्या खेळाडूसाठी आणला. 'रेव्हलेशन्स'चा तिसरा खेळ अजून आलेला नाही. भागांचा प्रयोग तिथेच थांबला, आणि मला याचं वाईट वाटतं. चूक भागांची नव्हती. एका न सांगितलेल्या बटणाची, एका गाळलेल्या सोयीची आणि एका आखूड शेवटच्या भागाची होती. या तिन्ही गोष्टी खेळाडूंनी त्याच आठवड्यांत स्पष्ट सांगितल्या होत्या.

खेळ आजही मिळतो, आणि किंमत उतरलेली असते तेव्हा अगदी थोडक्यात मिळतो. मुलांसाठी नाही, मोठ्यांसाठीच आहे. घ्याल तर जोडीनं खेळा आणि टॉर्च ज्याचा जीव घट्ट आहे त्याच्या हाती द्या. चारही भाग एका रात्रीत उरकू नका, मध्ये दिवस जाऊ द्या. तिसऱ्या भागात क्लेअरच्या अर्ध्याच्या शेवटी पडद्यावर काहीही दिसलं तरी बंदूक मोइरालाच उचलू द्या.